एक ‘ओफो’ कमी

सोमवारी सकाळी साडेसहाला जेसल पार्कमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवायची कुणाची छाती नव्हती. दूधवाल्यालाही सुचेताने दम देऊन ठेवला होता, "भैया, मंडे को थैली कडी को लटकाने का और चुपचाप निकलने का." कारण आपल्याकडे साडेसहा म्हणजे टोंगात दुपारचे दोन, आणि टोंगात सोमवारी दुपारचे दोन म्हणजे निकेतचा फोन, व्हिडिओवरचा. आठवड्यातून एकदाच. त्यात दार उघडायला गेलं, दूध घेतलं, परत आलं की तीन मिनिटं खलास. तीन मिनिटं काय वाटेवर पडलीत?

आता टोंगा कुठे आहे ते विचारू नका. दीड वर्षापूर्वी सुचेतालाही ठाऊक नव्हतं. न्यूझीलंडच्या वर, समुद्राच्या ऐन मध्ये राई सांडल्यासारखी बेटं आहेत, ती. तिचा भाचा निकेत तिथे मॉर्मन चर्चचा मिशनरी म्हणून गेला होता, दोन वर्षांसाठी. खानविलकरांच्या घरातला पोरगा, दहावीपर्यंत सोसायटीच्या गणपतीत टिपेला आरत्या म्हणणारा, तो मॉर्मन कसा झाला? सोपं आहे. कॉलेजातल्या मित्राबरोबर फुकटच्या इंग्लिश क्लासला गेला. तिथली माणसं मायेने बोलली. आई सहाव्या वर्षी गेलेल्या पोराला मायेने बोललेलं लगेच लागतं. एक दिवस घरी येऊन म्हणाला, मी बाप्तिस्मा घेतलाय. आणि विसाव्या वर्षी म्हणाला, मी टोंगाला चाललोय.

त्याचा बाप हरिश्चंद्र, म्हणजे सुचेताचा थोरला भाऊ, गोदीत तीस वर्षं टाइमकीपर होता. घड्याळासारखा शिस्तीचा आणि फटाक्यासारखा तापट. त्याने तोंडाचा पट्टा सोडला. "जातोस ना? जा! आणि नीट ऐकून जा, माझ्या मयतालासुद्धा येऊ नकोस." सुचेता मधे धावली, "दादा, जीभ आवर, वास्तू तथास्तु म्हणत असते." पण बोललं ते बोललं. निकेत खाली मान घालून निघून गेला आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद.

बंद म्हणजे काय बंद? सोमवारी सहा वाजताच हरिश्चंद्र हॉलमधल्या खाटेवर पेपर उघडून बसायचा. वर सुचेतालाच ऐकवायचा, "ते इयरफोन कानात घालून बसू नकोस, डोकं धरतं तुझं. स्पीकरवर टाक." तिचं डोकं धरायची एवढी काळजी त्याला उभ्या आयुष्यात नव्हती. सुचेता हसू दाबून स्पीकर लावायची आणि पेपराचं पान चाळीस मिनिटं उलटायचं नाही.

मग निकेत सांगायचा. पहाटे साडेसहाला उठायचं, प्रार्थना, अभ्यास. मग जोडीदाराबरोबर बाहेर. एकट्याने कुठे जायचं नाही, दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेत राहायचं, असा नियम. जोडीदार तिथलाच, फिफिता नावाचा धिप्पाड पोरगा. सगळे यांना ‘एल्डर’ म्हणतात, म्हणजे वडीलधारा. ("मिसरूड फुटलं नाही आणि वडीलधारा!" पेपरामागून आवाज.) पांढरा शर्ट, टाय, आणि खाली लुंगीसारखं काळं कापड, त्यावर कमरेला चटई. होय, चटई! मान द्यायचा तर चटई गुंडाळायची. दिवसभर चालायचं, देवाबद्दल बोलायचं, कुणी ऐकलं नाही तर त्याचं गवत कापून द्यायचं, रताळी खणून द्यायची. कुत्री मागे लागतात. जेवायला अळूच्या पानात मटण आणि नारळाचं दूध, जमिनीत खड्डा करून शिजवलेलं. "म्हणजे आपली पोपटीच की!" सुचेता म्हणायची. "पण अळूत मटण? शी! अळूचं फदफदं करावं, वड्या कराव्यात, हे काय भलतंच." खानविलकर हे नाव तिथे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो झाला होता ‘एल्डर कानीविलिका’.

फोन तो मेलेच्या घरून करायचा. मेले म्हणजे सत्तरीची, ऐसपैस अंगाची, पोटभर हसणारी बाई. तिच्या ओसरीत नेट चांगलं यायचं आणि दोन्ही एल्डरांना ती जेवू घालायची. निकेतला आत्याने वाढवलंय हे कळल्यावर तिने दोन्ही हात छातीशी नेले होते. तिथे बापाची बहीण म्हणजे घरातली सर्वांत मोठी असामी. बापाच्याही वर. आत्याने मागितलं ते द्यायचं, आत्याने सांगितलं ते करायचं, नाही म्हणायची सोय नाही.

"ऐकलंस दादा?" सुचेताने फोन ठेवल्यावर कमरेवर हात ठेवले होते. "नाहीतर आपल्याकडे! बारशाला बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि पाठीत बुक्के खायचे, झाली आत्या. मी टोंगात जन्मले असते तर..."

"तर! तर!" हरिश्चंद्र खेकसला. "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

ही त्याची ठरलेली म्हण. या घरात ‘असं झालं असतं तर’ म्हणायची चोरी होती. निकेतची आई असती तर, लालबागची खोली विकली नसती तर, सुचेताचं लग्न झालं असतं तर. कुणाच्याही तोंडून ‘तर’ निघाला की हरिश्चंद्र हे फेकून मारायचा. निकेत लहानपणी त्याच्याबरोबर सुरात म्हणायचा आणि दोघं बापलेक टाळी द्यायचे. घरात आत्या एकच, त्यामुळे मिशा नेहमी सुचेताच्याच.

एकदा मेलेने फोन हातात घेऊन तिने विणलेल्या चटया दाखवल्या. निकेतने पढवलं, "आत्या, म्हण, फाकाओफोओफा. म्हणजे सुंदर." सुचेताने जोर लावून म्हटलं, "फाकाओफा!" आणि तिकडे हशाची लाट. मेले तर मांडीवर थापा मारायला लागली.

"अगं आत्या, एक ‘ओफो’ खाल्लास! फाकाओफा म्हणजे बिचारं, कीव यावी असं! पण जाऊ दे, मी तर एका लग्नात नवरीला जाऊन सांगितलं होतं, तू आज किती बिचारी दिसतेयस!"

इकडे खाटेवर पेपर गदगदा हलत होता. मग हसू खोकल्यात घालून हरिश्चंद्र बाथरूममध्ये गेला. तेव्हापासून प्रघातच पडला. फोन लागला की सुचेता मुद्दाम ओरडायची, "फाकाओफा, मेले!" आणि मेले हसत हसत दुरुस्त करायची. पोरगं हसलं की सुचेताचा आठवडा बरा जायचा.

मग हरिश्चंद्र आजारी पडला. आधी भूक गेली, मग डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. केबिन रोडच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटून सुचेताला बाजूला बोलावलं. लिव्हर गेलेलं होतं. महिना, फार तर दोन. घरीच ठेवा म्हणाले.

सुचेता घरी येऊन पाणीसुद्धा प्यायली नाही. "दादा, निकेतला बोलावते."

"नाही."

"अरे पण..."

हरिश्चंद्राने तिचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे. माझ्या आजाराचा शब्द त्याच्यापाशी काढलास तर मी मेलोच समज."

तसाही तू मरतोयस, हे काही बहिणीला बोलता येतं? सुचेता रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी तो म्हणाला, "सुचे, मीच म्हणालो होतो, मयताला येऊ नकोस. आता कुठल्या तोंडाने बोलावू? थुंकलेलं गिळू? आणि सात महिने उरलेत त्याचे. अर्ध्यात सोडून आला तर जन्मभर म्हणेल, बापाने पहिल्यांदा अडवलं ते अडवलं, वर मोडलंही." त्यातलं कुठलं खरं कारण, हे त्यालाही माहीत होतं की नाही देव जाणे. अभिमान आणि माया एकाच ताटात कालवल्यावर वेगळी काढायची कशी?

शपथेवर विश्वास ठेवायचं तिचं वय नव्हतं, पण भावाच्या डोक्यावर ठेवलेला हात विसरताही येत नव्हता. उद्या खरंच काही झालं तर? आपल्या जिभेने भाऊ गेला असं आयुष्यभर वाटत राहिलं तर? फ्रिजवर चर्चच्या ऑफिसचा नंबर चिकटवलेला होता, तातडीच्या वेळी लावायचा. एका दुपारी तिने तो लावला. रिंग वाजली तशी कापला आणि पाटावर बसून राहिली. टोंगात म्हणे आत्याचा शब्द शेवटचा. ‘ये’ म्हटलं असतं तर त्या मेलेने पोराला उचलून विमानात बसवलं असतं. आणि तेवढं एक अक्षर तिला तोंडातून काढता येत नव्हतं.

सोमवार येत राहिले. फोन सुचेताच्या चेहऱ्याकडे, खाट फोनच्या मागे. "बाबा काय करतायत?" निकेत शेवटी एकदा विचारायचाच. "पेपर वाचतोय," सुचेता सांगायची. हरिश्चंद्राला आता पेपर धरताही येत नव्हता. ती त्याच्या छातीवर तो नुसता पसरून ठेवायची.

अशा पाचव्या सोमवारी पहाटे त्याला अंघोळ घालताना तिने त्याचे हात पाहिले. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. आणि तिच्या डोक्यात ते आलं. शपथ आहे ती शब्दाची. पण टोंगन शब्दाचं कोण बोललंय? निकेतला कळेल, दादाला कळणार नाही. स्वतःच्या अकलेवर ती इतकी खूश झाली की चहात साखर दोनदा पडली.

साडेसहाला फोन लागला. ओसरीत निकेत, बाजूला फिफिता, मागे मेले चटई विणत बसलेली. सुचेताने आज नेहमीची आरोळी ठोकली नाही. निकेत बोलत राहिला, सायकलची चेन तुटली, कोणाच्या तरी डुकराने रताळी खाल्ली. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "आणि बाबा?"

सुचेताने फोन तोंडाजवळ घेतला. "बाबा," ती म्हणाली, "फाकाओफा."

निकेत खो खो हसत सुटला. "आत्या! अजून तो ‘ओफो’ खातेस! आणि बाबा? सुंदर? त्यांना कळलं तर तुला खिडकीतून फेकतील!"

"नाही रे. निकेत, फाकाओफा." तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. "बाबा फाकाओफा, बाळा."

जितकं ती म्हणायची तितकं त्याला हसू फुटायचं. फिफिताही हसायला लागला. डोळे पुसत पुसत निकेत तिला शिकवत होता, फा-का-ओ-फो-ओ-फा. मागे मेले मात्र हसत नव्हती. तिचे हात थांबले होते. ती वाकून फोनजवळ आली, सुचेताच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि निकेतला काहीतरी म्हणाली. त्याने हसत हसतच मान हलवली. "हो हो, तिला माहितीय. आत्या, चल, वेळ झाला, कपडे वाळत घालायचेत. लव्ह यू. बाबांना सांग." काय सांग, ते सांगायच्या आत फोन बंद झाला.

सुचेता त्या काळ्या काचेकडे बघत बसली. मार तोंडात एक, असं तिला वाटलं, स्वतःच्याच. दीड वर्ष विदूषकी केली, आता खरं बोललं तरी कोण ऐकणार?

"सुचे."

ती दचकली.

"मी बिचारा काय?"

हरिश्चंद्र छताकडे बघत होता. "दीड वर्ष स्पीकरवर ऐकतोय. बहिरा समजलीस मला?"

"दादा, मी शपथ नाही रे मोडली, मी फक्त..."

"तो हसला गं," हरिश्चंद्र म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुचेताला बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तोच पुन्हा म्हणाला, "दोनदा सांगितलंस तू. चांगलं सुटं सुटं करून. तरी हसला." मग तिला समजलं की ती बोलत असताना हा श्वास धरून पडला होता. पोराला कळावं म्हणून.

"मी आत्ता लावते," ती फ्रिजकडे धावली. "नंबर आहे, अर्ध्या तासात..."

"नको. ऑफिसातून निरोप गेला की पोरगं धसकेल. सोमवारी. त्याच्या वेळेला. मीच बोलेन."

"तू बोलशील? काय बोलशील?"

"ते माझं मी बघीन," हरिश्चंद्र म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

तो आठवडा, खोटं कशाला सांगायचं, सुचेताला सणासारखा गेला. हरिश्चंद्र दोन घास जास्त जेवला. गुरुवारी म्हणाला, निळा शर्ट काढून ठेव. शुक्रवारी शेजारच्या परागला हाक मारून न्हावी बोलावून घेतला. "रविवारी ये म्हणावं परत. सोमवारी गाल गुळगुळीत पाहिजेत." दुपारी डोळे मिटून तो ओठ हलवत असायचा, एखादं पाठांतर करावं तसा. सुचेता दोनदा कान देऊन उभी राहिली, पण शब्द कळले नाहीत. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या भाकऱ्या जळतायत तिकडे."

शनिवारी सकाळी अकरा वाजता, ती पेज घेऊन आली तेव्हा त्याने डोळे उघडले नाहीत.

फ्रिजवरचा नंबर तिने या वेळी कापला नाही. अर्ध्या तासात निकेत फोनवर होता. तिकडे संध्याकाळ झाली होती. ती एवढंच म्हणाली, "बाळा, दादा गेला रे." मग तो म्हणाला, "मी निघतो. ठेवा बाबांना. मी येतो."

पण कसा येणार? शनिवारचं विमान गेलेलं. आणि टोंगात रविवारी विमान उडत नाही. कायदाच आहे तसा. देवाचा दिवस, दुकानं बंद, बंदर बंद, आकाशही बंद. सोमवारी निघाला तरी दोन विमानं बदलून बुधवार उजाडणार. मे महिना. सोसायटीची माणसं जिन्यात उभी होती, घड्याळ बघत होती. चर्चच्या मोठ्या साहेबांनीही फोनवर धीर दिला, प्रार्थना केली. प्रार्थनेने विमान थोडंच उडतं?

अग्नी सुचेताने दिला. पराग बाजूला फोन धरून उभा होता. माझ्या मयताला येऊ नकोस म्हणाला होता. वास्तूने तथास्तु म्हटलं.

सोमवारी साडेसहाला फोन आला.

निकेत ओसरीत जमिनीवर बसला होता. छातीपर्यंत जुनी, फाटकी, भलीमोठी चटई गुंडाळलेली, कडांचे धागे लोंबत होते. बाप गेला की मुलाने अशीच नेसायची असते म्हणून मेलेने ती शनिवारपासून त्याच्या अंगावर बांधली होती. त्यात तो सहा वर्षांचा दिसत होता.

"आत्या," तो म्हणाला, "मेले तेव्हाच म्हणाली होती. तुझी आत्या चुकली नाहीये, तिचं तोंड बघ. मी म्हटलं, ती नेहमीच असं म्हणते."

"तुझी चूक नाही बाळा. मीच गाढव. मीच सवय लावली."

"बाबांना कळलं होतं? मी हसलो ते?"

खोटं बोलायला एक क्षण लागतो, तो क्षण तिने वाया घालवला. निकेतने तोंड चटईत लपवलं. फिफिता त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.

"पण तो रागावला नव्हता रे," सुचेता घाईघाईने म्हणाली. "तो आज बोलणार होता तुझ्याशी. स्वतः. दाढीसुद्धा करून घेतली."

निकेतने मान वर केली. "काय बोलणार होते?"

सुचेताने उगाच फोनची काच पुसली.

"ये म्हणणार होते, की पुरं करूनच ये म्हणणार होते? आत्या, संध्याकाळी विमान आहे. साहेब म्हणतात, जायचं तर जा, राहायचं तर राहा. मेले म्हणते, आत्याला विचार, ती सांगेल ते. तू सांग. बाबा काय म्हणणार होते?"

मेलेही पुढे सरकून हात जोडल्यासारखी बसली होती. दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते. बारशाला कानात नाव सांगितलं होतं तिने या पोराला. आता एक शब्द सांगायचा होता आणि तो तिच्याजवळ नव्हता. हलणारे ओठ तिने पाहिले होते, पण ऐकलं काहीच नव्हतं.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "मी विचारलं होतं. त्याने नाही सांगितलं."

दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवल्याचा आवाज झाला.

"आत्या," निकेत म्हणाला, "त्या दिवशी मला कळलं असतं तर..."

‘तर’ ऐकताच सवयीने सुचेताची नजर खाटेकडे गेली. गादी गुंडाळून भिंतीला लावली होती, वर निळा शर्ट घडी करून ठेवलेला होता. निकेतही थांबला होता. फोन कानाशी नेऊन तोही ऐकत होता.